पांढरे अस्वल आणि उल्हासचा पूर

(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



२०१९ सालच्या २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान थांबली. उल्हास नदी पात्र सोडून रुळांवर आली होती. सुमारे एक हजार पन्नास उतारू रात्रभर डब्यांत अडकून पडले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि आसपासचे गावकरी यांनी त्या सर्वांना सुखरूप बाहेर काढले. त्यांत नऊ गरोदर स्त्रिया होत्या. बचावकार्य खरोखरच कौतुकास्पद होते आणि त्याची बातमी देशभर गेली. बदलापुरातल्या नदीकाठच्या वस्त्यांत पुढे कित्येक दिवस लोक घरातला चिखल उपसत होते, ही बातमी मात्र ठाणे जिल्ह्याची वेस फारशी ओलांडू शकली नाही.

आजचा विषय उत्तर ध्रुवाजवळच्या पांढऱ्या अस्वलाचे संरक्षण हा आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर हा विषय मांडला की एक प्रश्न हमखास उभा राहतो, आणि तो रास्तही आहे. ज्याच्या खोलीत पावसाळ्यात गुडघाभर पाणी चढते, ज्याला पहाटे बदलापूरच्या फलाटावर गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही, ज्याची नोकरी कंत्राटदाराच्या मर्जीवर आहे, त्याने हजारो मैलांवरच्या एका जनावराची काळजी का वाहावी? ही सुखवस्तू लोकांची हौस नव्हे काय? या प्रश्नाला प्राणिमात्रांवर दया करा असे उत्तर देऊन भागणार नाही. दया चांगलीच, पण तिच्या आधारे राजकारण उभे राहत नाही. उत्तर द्यायचे तर त्या अस्वलावर नेमके कोणते संकट आले आहे आणि ते कोणी आणले, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

या अस्वलाचे सारे जीवन समुद्रावर गोठलेल्या बर्फावर अवलंबून असते. त्याचे मुख्य अन्न म्हणजे सील. उघड्या पाण्यात सील अस्वलाच्या हाती लागत नाही; बर्फाला पडलेल्या भोकाशी तो श्वास घ्यायला वर येतो तेव्हा, किंवा वसंत ऋतूत बर्फावरच त्याची पिले असतात तेव्हा, अस्वल त्याची शिकार करते. त्या काही महिन्यांत अंगावर साठवलेल्या चरबीवर पुढचा बर्फहीन काळ काढायचा, असा त्याचा वर्षाचा हिशेब आहे. शेतकरी सुगीच्या धान्यावर पावसाळा काढतो, तसेच हे आहे. कॅनडातील हडसन उपसागराच्या पश्चिम काठी उन्हाळ्यात बर्फ पूर्ण वितळते आणि अस्वलांना किनाऱ्यावर यावे लागते. तेथे ती जवळजवळ उपाशीच असतात. दिवसाला सुमारे एक किलो वजन घटते. गाभण मादीला तर बिळात पिलांना जन्म देऊन पुन्हा बर्फावर जाईपर्यंत सुमारे आठ महिने अन्नावाचून काढावे लागतात. निसर्गाने तिला तेवढी ताकद दिलेली आहे. परंतु १९८० च्या सुमारास होता त्याहून आज तेथील बर्फहीन काळ जवळजवळ तीन आठवड्यांनी वाढला आहे. सुगी आखूड झाली आणि उपवास लांबला. १९८०च्या दशकात तेथे सुमारे बाराशे अस्वले होती. २०२१ च्या मोजणीत त्यांचा अंदाज सहाशे अठराचा निघाला. आधी पिले आणि तरुण अस्वले कमी होतात, मग सारा कळपच म्हातारा होत जातो.

सगळीकडे स्थिती अशीच आहे असे मात्र नाही, आणि प्रचाराच्या भरात कार्यकर्त्याने तसे सांगूही नये. जगात मिळून सुमारे सव्वीस हजार पांढरी अस्वले असावीत असा अंदाज आहे, आणि त्यांचे वीसच्या आसपास वेगवेगळे समूह मानले जातात. काही समूह अद्याप टिकून आहेत. काहींची मोजदादच पुरेशी झालेली नाही. पण दिशा कोणती आहे याबद्दल शास्त्रज्ञांत फारसा मतभेद उरलेला नाही. उत्तर ध्रुवप्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापत आहे. सप्टेंबरमध्ये उरणारे समुद्री बर्फ १९८० च्या सुमारास सत्तर लाख चौरस किलोमीटर असे. २०१२ साली ते चौतीस लाखांपर्यंत घसरले, आणि त्यानंतरही जुन्या पातळीच्या जवळ ते कधी गेले नाही. इंधनाचे ज्वलन याच गतीने चालू राहिले तर या शतकाच्या अखेरीस बहुतेक समूह नामशेष होतील, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले.

या अस्वलाच्या संरक्षणाचा इतिहास बोधप्रद आहे. एके काळी त्याला धोका होता तो बंदुकीचा. विमानातून आणि मोठ्या जहाजांवरून श्रीमंत शिकारी त्यांची शिकार करीत. सोव्हिएत संघाने १९५६ सालीच शिकारीवर बंदी घातली. १९७३ च्या नोव्हेंबरात ऑस्लो येथे कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, सोव्हिएत संघ आणि अमेरिका या पाच देशांनी करार केला आणि अशा शिकारीला आळा घातला. शीतयुद्ध ऐन भरात होते, अणुबॉम्ब एकमेकांवर रोखलेले होते, तरीही एका प्राण्यासाठी वॉशिंग्टन आणि मॉस्को एका कागदावर सह्या करू शकले. त्याच वर्षी भारतात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षी हिमालयात चिपको आंदोलनाने मूळ धरले. आणि त्याच हिवाळ्यात अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आवळल्यामुळे तेलाचे भाव चौपट झाले. ऑस्लोत जमलेल्या मुत्सद्द्यांपैकी कोणाच्याही मनात आले नसावे की अस्वलाचा खरा वैरी बंदुकीत नसून त्या तेलात आहे.

करार यशस्वी झाला. बंदुका थांबल्या, अनेक ठिकाणी अस्वलांची संख्या सावरली. पण ज्या संरक्षणाची कल्पना कुंपण, पहारा आणि बंदी यांच्यापलीकडे जात नाही, ते तापमानापुढे हतबल ठरते. अस्वलाच्या भोवती कितीही मोठे अभयारण्य आखले तरी त्यावरचे बर्फ राखता येत नाही, कारण ते बर्फ वितळवणारा धूर अभयारण्याच्या हद्दीत निघतच नाही. तो निघतो पिट्सबर्गमध्ये, शांघायमध्ये, चंद्रपुरात. मुंबईच्या रस्त्यांवर एकेकट्या माणसाला घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मोटारींत. म्हणजे अस्वल जेथे राहते तेथे त्याचे संरक्षण करता येत नाही. ते करायचे तर जेथे इंधन जळते तेथे करावे लागते.

नेमके हेच मान्य करण्याची भांडवलदारी राज्यकर्त्यांची तयारी नाही, आणि याचे उदाहरण २००८ सालच्या अमेरिकेत सापडते. त्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकन सरकारने पांढऱ्या अस्वलाला धोक्यातील प्राणी म्हणून कायद्याचे संरक्षण दिले. कारण म्हणून बर्फ वितळत असल्याचे सरकारनेच नमूद केले. पण त्यासोबत असा विशेष नियम केला की या संरक्षणाचा आधार घेऊन धूर ओकणाऱ्या उद्योगांवर बंधने घालता येणार नाहीत. आणि त्याआधी तीनच महिने, फेब्रुवारीत, अलास्काजवळच्या चुकची समुद्रातील, म्हणजे याच अस्वलांच्या घरातील, तेलाचे पट्टे लिलावात काढून त्याच सरकारने अडीच अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वसूल केली होती. डाव्या हाताने रोग्याला औषध आणि उजव्या हाताने विष, यापेक्षा वेगळे ते काय?

बंधने मग आली कोणावर? तर इन्युइट लोकांवर. ध्रुवप्रदेशातले हे मूळ रहिवासी पिढ्यान् पिढ्या ठरावीक प्रमाणात अस्वलाची शिकार करीत आले. ऑस्लोच्या करारानेही त्यांचा तो हक्क मान्य केलेला होता. कॅनडातून कातडी अमेरिकेत आणणे २००८ नंतर बंद झाले. त्या व्यवहारावर काही इन्युइट गावांची थोडीफार रोख मिळकत चालत असे. पुढे २०१० आणि २०१३ साली अमेरिकेने या कातड्यांचा जागतिक व्यापारच बंद करण्याचा ठराव आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडला; दोन्ही वेळा तो फेटाळला गेला, आणि इन्युइट प्रतिनिधींनी त्याला कडाडून विरोध केला होता. शिकाऱ्याची रायफल दिसते, तेल कंपनीच्या संचालक मंडळाचा ठराव दिसत नाही. दुबळ्याला कायदा दाखवून बलवानाला सवलत द्यायची, ही पद्धत भारतातल्या आदिवासींनाही चांगली ठाऊक आहे. अभयारण्याच्या नावाने त्यांचे लाकूड-मोळी बंद होते आणि शेजारच्या खाणीला परवाना मिळतो.

हे सारे अज्ञानातून घडले असेही म्हणता येत नाही. अमेरिकेतील एक्झॉन या तेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७७ पासून आपल्याच व्यवस्थापनाला इंधन जाळल्याने पृथ्वी तापेल असे सांगितले होते, आणि त्यांचे आडाखे पुढे बऱ्याच अंशी अचूक ठरले. कंपनीने ते बाजूला ठेवले आणि पुढची अनेक वर्षे विज्ञान अद्याप अनिश्चित असल्याचा प्रचार चालवला.

अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या माणसाला ही रीत समजावून सांगण्यासाठी ध्रुवापर्यंत जाण्याची गरज नाही. त्याच्या दारात वालधुनी आहे. अंबरनाथच्या डोंगरात उगम पावणारी ही छोटी नदी शके ९८२ चा शिलालेख मिरवणाऱ्या शिवमंदिराच्या पायाशी वाहते, उल्हासनगर ओलांडते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. ज्या ओहोळाकाठी शिलाहारांच्या कारागिरांनी दगडात देव घडवले, त्याचा आज रासायनिक नाला झाला आहे. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस टँकरमधून आणलेले रसायन रात्रीच्या वेळी या नदीत सोडले गेले, आणि पहाटे उल्हासनगरातील शेकडो माणसांना श्वास घेता येईना. त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. टँकरवाल्याचे गणित सोपे होते. विषारी सांडपाणी शुद्ध करायला पैसा पडतो, नदीत ओतायला पडत नाही. नफा मालकाच्या वहीत जमा होतो आणि खर्च झोपलेल्या माणसाच्या फुप्फुसावर चढतो.

तेल आणि कोळशाचे अर्थकारण यापेक्षा निराळे नाही. आकाश ही साऱ्या जगाची वालधुनी आहे. तेथे काय ओतले त्याचा हिशेब दीडशे वर्षे कोणी ठेवला नाही. फरक एवढाच, की टँकरचे विष सकाळपर्यंत कळले आणि धुराचे कळायला तीन पिढ्या जाव्या लागल्या. विषाच्या वाटेत पहिल्यांदा उभे राहिले ते अस्वल. म्हणून त्याची कथा पहिल्यांदा ऐकू आली. रांगेत त्याच्यामागे कोण उभे आहे, हे उल्हासच्या काठी दिसते.

२६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी कल्याण, उल्हासनगर, बदलापूर यांची काय दशा झाली ते पन्नाशीच्या पुढच्या कोणालाही विचारावे. चौदा वर्षांनी, त्याच तारखेच्या रात्री, महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. कोणताही एक पूर हवामान बदलामुळेच आला असे छातीठोकपणे सांगता येत नाही. नदीत टाकलेला भराव, बुजवलेले नाले, पूल आणि रस्त्यांच्या भिंती यांचा वाटा मोठा आहे. तथापि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले की महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मध्यवर्ती पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारे जादा बाष्प आहे. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तर २०२१ साली याहून लांबचा धागा दाखवला. रशियाच्या उत्तरेस कारा समुद्रात उन्हाळी बर्फ घटण्याचा आणि भारतात सप्टेंबरमध्ये होणाऱ्या अतिवृष्टीचा संबंध असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्या कारा समुद्रावरही पांढरी अस्वले राहतात. बर्फ त्यांच्या पायाखालून गेले तर त्याचे पडसाद मोसमी पावसात उमटू शकतात. भूगोलाच्या पुस्तकातली ही गोष्ट आता नगरपालिकेच्या कामकाजात शिरू पाहत आहे.

कशी, ते पूररेषेच्या उदाहरणावरून कळेल. पाटबंधारे खात्याने नदीकाठी दोन रेषा आखायच्या असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोचतो ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोचतो ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचे नाही, असा दंडक. बांधकाम व्यावसायिक या रेषा आत सरकवण्यासाठी झटतात, ही गोष्ट वेगळी आणि सर्वांना माहीत असलेली. पण त्याहून खोल अडचण अशी की या रेषा गेलेल्या वर्षांच्या पावसावरून काढतात. उद्याचा पाऊस कालच्यासारखा राहणार नसेल, तर शंभर वर्षांचा पूर वीस वर्षांत दारात येईल. हडसन उपसागराच्या किनाऱ्यावर चर्चिल नावाचे रेल्वेचे शेवटचे स्थानक आणि बंदर असलेले गाव आहे. नोव्हेंबरात तेथे अस्वले समुद्राकडे तोंड करून बर्फाची वाट पाहत थांबतात, कारण बर्फ याच सुमारास येते हे त्यांच्या अंगात मुरलेले आहे. बर्फ येत नाही तेव्हा ती भुकेपोटी गावात शिरतात, आणि मग त्यांना पकडून एका मोठ्या शेडमध्ये कोंडून ठेवले जाते. जुन्या पावसाच्या आकड्यांवर इमारतींना परवाने देणारी नगरपालिका काही त्या अस्वलांहून शहाणी म्हणता येणार नाही. अस्वलाजवळ निदान दुसरा नकाशा नाही.

येथे उल्हासनगरची आठवण होणे साहजिक आहे. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीने घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे आली, आणि १९४९ साली राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीला नदीचे नाव मिळाले. निर्वासित होणे म्हणजे काय हे या गावाने सोसलेले आहे. आता त्याच नदीच्या पाण्याने पुन्हा माणसे उठणार असतील, तर त्यांना निर्वासितांचे हक्क तरी मिळतील काय? २०२२ साली शर्म अल शेख येथे भरलेल्या जागतिक परिषदेत हानी आणि नुकसान यांच्यासाठी स्वतंत्र निधी मान्य झाला. गरीब देशांनी तीस वर्षे केलेल्या मागणीचे ते फळ होते. पण निधी देशाला मिळणे आणि नदीकाठच्या भाडेकरूला मिळणे यांत फार अंतर असते. ज्याच्या नावावर घरच नाही, त्याच्या नुकसानीचा पंचनामा कोणाच्या नावे करायचा, हा प्रश्न महसूल खात्याने आजवर टाळलेला आहे.

भारताचा जागतिक वाटा किती, हा मुद्दा येथे उपस्थित होतो. सरासरी अमेरिकन माणूस वर्षाला सुमारे चौदा टन कार्बन वायू हवेत सोडतो. सरासरी भारतीय सुमारे दोन टन. म्हणून श्रीमंत देशांनी आधी आणि अधिक कपात करावी, ही भारताची भूमिका न्याय्य आहे. पण या सरासरीच्या पांघरुणाखाली भारतातले श्रीमंत लपून बसतात, याचाही समाजवाद्यांनी विसर पडू देऊ नये. वातानुकूलित बंगल्यात राहणारा आणि वांगणीहून लोकलला लोंबकळत येणारा या दोघांचे मिळून दोन टन, हा हिशेब म्हणजे फसवणूक आहे. लोकलचा प्रवासी आजही जगातल्या सर्वांत कमी धूर करणाऱ्या प्रवाशांपैकी एक आहे, आणि त्याबद्दल त्याला शिक्षा काय, तर घामाने भिजलेला दीड तास. मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आणली. गरिबाच्या प्रवासालाही प्रतिष्ठा आहे, हे त्यामागचे सूत्र होते. आज मोटारींसाठी समुद्रात भराव घालून हजारो कोटींचे रस्ते होतात आणि कल्याण-बदलापूर मार्गावरचे प्रवासी जादा रुळांची वर्षानुवर्षे वाट पाहतात. अस्वलाच्या हिताचे सर्वांत थेट काम या भागात कोणते असेल, तर ते हे. गाड्या वाढवा, म्हणजे मोटारी कमी होतील.

अवघड प्रश्न राहतो तो कोळशाचा आणि कारखान्यांचा. कोळसा सोडायचा म्हटले तर वणी-चंद्रपूरच्या खाणकामगाराचे काय, आणि रसायन उद्योगाला नियम लावायचे तर अंबरनाथच्या कंत्राटी कामगाराचे काय? मालकवर्ग हा प्रश्न नेहमी कामगाराच्या तोंडून वदवून घेतो: प्रदूषण हवे की बेकारी? मुंबईच्या गिरणी कामगाराला १९८२ च्या संपानंतर अशीच निवड देण्यात आली होती. पुढे गिरण्याही गेल्या, कामही गेले, आणि गिरणगावाच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. जुना उद्योग मावळताना त्याची जमीन कोणाकडे जाते, भविष्यनिर्वाह निधीचे पैसे कोठे जातात, नव्या उद्योगात जुन्या कामगाराला आधी जागा मिळते की नाही, या गोष्टी आधी लिहून घेतल्याशिवाय कामगार संघटनांनी कोणत्याही हरित योजनेवर मान डोलावू नये. आणि त्या लिहून मिळत असतील, तर विरोधासाठी विरोधही करू नये. कोळशाची खाण अमर आहे अशी समजूत करून देणारा पुढारी कामगाराचा मित्र नव्हे.

नगरपालिकेच्या निवडणुकीत उमेदवार दारात येतात तेव्हा त्यांना गटार आणि नळ यांबद्दल विचारले जाते. ते विचारलेच पाहिजे. त्याबरोबर प्रभागातल्या कार्यकर्त्याने पूररेषेचा नकाशा हातात घेऊन जावे. निळ्या रेषेच्या आत किती इमारतींना परवानगी दिली, कोणत्या वर्षी आणि कोणाच्या सहीने. नव्या पावसाच्या आकड्यांवरून रेषा पुन्हा आखण्याची मागणी सभागृहात कधी मांडणार. आणि रेषेच्या आत आधीपासून राहणाऱ्या गरिबांना उठवायचे झाले, तर त्यांना त्याच गावात, कामाच्या ठिकाणाजवळ, पक्के घर देणार की तिसऱ्या तालुक्यात नेऊन टाकणार, हे त्याने विचारावे. पावसाळा जूनमध्ये लागतो. मे महिन्यात वांगणीपासून शहाडपर्यंत नदीकाठाने चालत जाऊन, २००५ आणि २०१९ साली पाणी कोठवर आले होते त्याच्या खुणा भिंतींवरून आणि जुन्या रहिवाशांच्या तोंडून नोंदवून घेतल्या, तर सरकारी नकाशाशी ताडून पाहायला एक नकाशा लोकांच्या हाती राहील.